बॅटरीचें आयुष्य आणि घरचा जमाखर्च

अक्कलकोट तालुक्यांतील मैंदर्गी हें गांव महाराष्ट्राच्या अगदीं कडेला, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेलें आहे. येथील बाजारांत मराठीच्या जोडीनें कानडीही कानांवर पडते. गांवाला स्वतःची नगरपरिषद आहे. परंतु तालुक्याचें काम अक्कलकोटास आणि जिल्ह्याचें सोलापुरास, त्यामुळें वाहनावांचून येथील माणसाचें चालत नाहीं. अशा गांवांतील एखाद्या कुटुंबानें विजेवर चालणारी दुचाकी घ्यावी कीं पेट्रोलचीच ठेवावी, असा विचार सुरू झाला म्हणजे तो फिरून फिरून एकाच प्रश्नापाशीं येऊन थांबतो. बॅटरी किती वर्षें टिकेल, आणि ती संपली म्हणजे नवीला किती रुपये मोजावे लागतील? श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय हाच प्रश्न आहे. आणि तो एकट्या मैंदर्गीचा नसून पुण्यामुंबईच्या घरांचाही आहे.

प्रथम जुन्या परिचयाच्या बॅटरीकडे पाहूं. गॅस्टन प्लांटे ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिशाचे पत्रे व सौम्य गंधकाम्ल यांच्या साहाय्यानें पुन्हां पुन्हां भरतां येणारी पहिली बॅटरी तयार केली. मोटार, ट्रॅक्टर व मालट्रक यांत आजही बहुधा तिचीच वंशज असते. तींत सहा घट असून प्रत्येकाचा दाब सुमारें २ व्होल्ट, म्हणून एकंदर १२ व्होल्ट. इंजिन सुरू होतांना क्षणभर मोठा प्रवाह द्यावयाचा आणि गाडी चालूं लागली कीं तो परत भरून घ्यावयाचा, एवढेंच तिचें मुख्य काम. नीट वागविली तर ती तीन-चार, क्वचित् पांच वर्षें टिकते. मोटारीची अशी बॅटरी साधारणपणें ४ ते ७ हजार रुपयांस येते, आणि जुनी परत दिली म्हणजे तिच्यांतील शिशाच्या मोबदल्यांत कांहीं रक्कम वजा होते.

हिचे दोन मोठे शत्रु आहेत, एक उष्णता व दुसरा आळस. सोलापूर जिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. उष्णता वाढली कीं बॅटरींतील रासायनिक क्रिया वेगानें होतात. दर १० अंशांस हा वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा एक स्थूल नियम आहे. त्यामुळें पाणी उडतें, आंतील जाळ्या गंजतात आणि थंड प्रदेशांत पांच वर्षें जगणारी बॅटरी येथें तीन वर्षांतच थकते. दुसरी गोष्ट आळसाची. ऊंस वाहणारा ट्रॅक्टर गाळपाच्या हंगामांत रात्रंदिवस राबतो आणि हंगाम संपला कीं कित्येक आठवडे एके जागीं उभा राहतो. उभ्या गाडींतील बॅटरी हळूहळू उतरत जाते, तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण स्फटिक जमतात, आणि पुढें कितीही भरली तरी ती पूर्ववत् भरत नाहीं. मग "बॅटरी बसली" असें म्हणून दोष दुकानदाराला दिला जातो. गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीची एक तार सोडून ठेवावी आणि महिन्यांतून एकदां ती पूर्ण भरून घ्यावी, म्हणजे हा खर्च पुष्कळ लांबणीवर पडतो.

हीच शिशाची बॅटरी प्रवासाचें सगळें ओझें वाहूं लागली तर काय होतें, हें शहरांतील ई-रिक्षावाल्यांस चांगलें ठाऊक आहे. रोज तळापर्यंत उतरणें तिला सोसत नाहीं आणि पुष्कळदां वर्ष-दीड वर्षांतच सगळा संच बदलावा लागतो. म्हणून विजेच्या दुचाकींत व मोटारींत आतां लिथियम-आयन बॅटरी वापरतात. ही जात १९९१ सालीं प्रथम बाजारांत आली, आणि तिच्या घडणीचा पाया घालणाऱ्या तीन शास्त्रज्ञांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तिचा अंत दिवा विझावा तसा एकाएकीं होत नाहीं. जी गाडी नवेपणीं एका भरणींत १०० किलोमीटर जात होती, ती कांहीं वर्षांनीं ८० आणि पुढें ७० किलोमीटर जाऊं लागते. मूळ शक्तीच्या ७० ते ८० टक्के उरली म्हणजे प्रवासाच्या दृष्टीनें बॅटरी म्हातारी झाली, असें सामान्यतः मानतात.

हमीच्या मुदतीवरून तिच्या आयुष्याचा कांहीं अंदाज येतो. पुण्याच्या बजाज कंपनीची विजेवरील चेतक जानेवारी २०२० मध्यें बाजारांत आली, तेव्हां बॅटरीची हमी ३ वर्षें किंवा ५० हजार किलोमीटर होती. त्याच महिन्यांत आलेल्या टाटांच्या नेक्सॉन मोटारीस ती ८ वर्षें किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर होती. ह्यांतील "किंवा" हा शब्द फार महत्त्वाचा आहे, कारण जी मर्यादा आधीं येईल ती लागू. शिवाय हमीची मुदत ही कांहीं मृत्यूची तिथि नव्हे. त्यानंतरही बॅटरी चालते, परंतु तिचा भार मालकाच्या खिशावर येतो.

आतां जमाखर्च मांडूं. मैंदर्गीचा एखादा गृहस्थ रोज ३० किलोमीटर, वर्षांतून ३०० दिवस, म्हणजे ९ हजार किलोमीटर दुचाकी चालवितो, असें समजा. लिटरला ४५ किलोमीटर धरले तर त्यास २०० लिटर पेट्रोल लागेल. हिशेबासाठीं लिटरचा भाव १०० रुपये धरला तर वर्षाचे २० हजार झाले. विजेच्या गाडीस तेवढ्याच प्रवासाला भरणींतील नासाडीसह सुमारें ३०० युनिट लागतील. युनिटला १० रुपये धरले तरी ३ हजार. वरवर पाहतां बचत १७ हजारांची, आणि विक्रेता येथेंच थांबतो. परंतु नव्या बॅटरीस ६० हजार पडतील आणि पहिली ८ वर्षें टिकेल असें धरलें, तर दर वर्षीं ७,५०० रुपये तिच्या नांवें बाजूस काढावयास हवेत; खरी बचत ९,५०० रुपये उरते. तीच बॅटरी हयगयीनें ४ वर्षांत संपली, तर वर्षाचा भार १५ हजार होऊन हातीं अवघे २ हजार राहतात. गाडीच्या मूळ किमतींतील फरक व दुरुस्ती ह्यांत धरलेली नाहीं. तात्पर्य, विजेची गाडी स्वस्त पडते कीं महाग, हें विजेच्या दरापेक्षां बॅटरीच्या आयुष्यावरच अधिक अवलंबून आहे.

मोठ्या संस्था हा हिशेब विसरत नाहींत. मुंबईची बेस्ट विजेच्या अनेक बसगाड्या ठेकेदारांकडून दर किलोमीटरच्या दरानें भाड्यानें चालविते. म्हणजे बॅटरीची झीज किलोमीटरमागें आधींच आकारली जाते. घरच्या गाडीलाही हाच न्याय लावावा. वरील उदाहरणांतील गृहस्थानें महिन्याला ६२५ रुपये पोस्टांत किंवा बँकेंत टाकले, तर आठव्या वर्षीं ६० हजारांचा आंकडा त्यास घाबरविणार नाहीं.

आयुष्य वाढविण्याचे उपाय कांहीं अवघड नाहींत. गाडी सावलींत उभी करावी. उन्हांतून येतांच भरणीस लावूं नये, थोडी निवूं द्यावी. रोज अगदीं तळापर्यंत उतरवूं नये. गाडी फार दिवस उभी ठेवावयाची असेल तर बॅटरी निम्म्याच्या आसपास भरलेली असावी. खरेदीच्या वेळीं बॅटरी लोह-फॉस्फेट जातीची आहे कीं निकेल असलेली, हें विचारावें. पहिली वजनानें जड, पण उष्णता व वारंवार भरणें तिला अधिक सोसतें. शक्ति किती टक्क्यांखालीं गेली म्हणजे हमी लागू होते आणि आज नव्या बॅटरीची किंमत काय, हें दोन्ही लेखी घ्यावें. जुनी गाडी घेतांना तर बॅटरीची तपासणी केल्याशिवाय पैसे देऊंच नयेत.

समाधानाची गोष्ट ही कीं, २०१० पासून २०२४ पर्यंत जगांत लिथियम बॅटरीचा घाऊक भाव सुमारें एक-दशांशावर आला आहे. दुकानांतील भाव तितक्या वेगानें उतरत नाहीं, तरी कल उताराकडेच आहे. संपलेली बॅटरी मात्र कोठेंही टाकूं नये. २०२२ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें ती परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. उघड्यावर शिसें वितळविलें तर त्याचें विष आसपासच्या मुलांच्या अंगांत भिनतें. म्हणून नवी बॅटरी घेतांना जुनी दुकानदाराच्या स्वाधीन करून तशी पावती घ्यावी.