ब्रेकच्या पाइपाचं तोंड नि आटे: जीप बनवणाऱ्यांसाठी

 

जुनी जीप बनवणारे इंजिन, टायर, लाइट यावर तासन् तास बोलतात. ब्रेकच्या पाइपाचा विषय निघाला, की "ते मिस्त्री बघतो" म्हणतात. आज मी त्या पाइपाच्या टोकाबद्दलच बोलणार आहे.

आधी प्रेशर समजून घेऊ. आपल्या उसातलं ठिबक साधारण एक किलो प्रेशरवर चालतं. ब्रेक जोरात दाबला, की पाइपात सत्तर-ऐंशी किलो आणि त्याहूनही जास्त प्रेशर येतं. म्हणून ठिबकचा जुगाड इथे चालत नाही. टेफ्लॉन टेप तर नकोच. इथे आटे गळती थांबवत नाहीत, ते फक्त पाइप दाबून धरतात. गळती थांबते ती पाइपाच्या फुलवलेल्या तोंडाने, म्हणजे फ्लेअरने.

फ्लेअर मुख्यतः दोन प्रकारचे. डबल फ्लेअर नरसाळ्यासारखा असतो, 45 अंशाचा, आणि त्याची कड आत दुमडून दुहेरी केलेली असते. बबल फ्लेअर छत्रीच्या टोपीसारखा फुगीर असतो. कुठला लागेल ते भोकात टॉर्च मारून बघा. तळाला उंच सुळका दिसला तर डबल, खोलगट बसायची जागा दिसली तर बबल. एकाच्या जागी दुसरा कितीही आवळा, पाझरणारच. रेसिंगच्या जोडांत 37 अंशाचा तिसराही प्रकार असतो. तो 45 बरोबर जुळत नाही.

एसी-फ्रिजवाल्याकडून तांब्याच्या नळीला साधा, एकेरी फ्लेअर मारून घेऊ नका. एकेरी कड ब्रेकच्या प्रेशरला चिरू शकते, आणि नुसतं तांबं हादऱ्यांनी कडक होऊन तडकतं. ब्रेकसाठीची स्टीलची किंवा तांबं-निकेलची नळी घ्या. नट आधी ओवा, मग तोंड फुलवा. उलटं केलं तर सगळं परत!

आता आटे. जीपचं घराणं अमेरिकन विलिजचं, त्यामुळे जुन्या गाडीत इंची आटे निघतात. नव्या गाडीचं कॅलिपर आणलं, तर ते मेट्रिक. इंची 3/8-24 चा नट मेट्रिक 10×1 च्या भोकात ढिला ढिला शिरतो. बसला असं वाटतं, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. आटे निम्मेच पकडलेले असतात. एखाद्या दिवशी जोर पडला, की सुटतात. म्हणून सुरुवातीचे आटे बोटांनी फिरवून बघा. सैल हलला तर थांबा, थ्रेड गेज लावा, आणि दुकानात जाताना जुना नट खिशात घेऊन जा.

सगळं जोडलं, एअर काढली, की प्रत्येक जोड कोरडा पुसा. इंजिन चालू ठेवून पेडल एक मिनिट पूर्ण दाबून धरा. पेडल हळूहळू खाली गेलं, किंवा एकाही जोडाला ओल दिसली, तर गाडी रस्त्यावर काढायची नाही.

आणि कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ गाडीत मनमानी बदल चालत नाहीत. काम काढण्याआधी आरटीओत विचारा.

हंगामात सोलापूर हायवेवर रात्री उसाची ट्रॉली समोर उभी दिसते, तेव्हा ब्रेक एकदाच दाबायला मिळतो. त्या एका दाबासाठी मिस्त्रीसमोर दहा मिनिटं उभे राहा आणि विचारा, "दादा, फ्लेअर कुठला मारला?"

भेटू पुढच्या भागात.