फाहिआनने पाहिलेले सिंहलद्वीप

प्रवास पुष्कळांच्या हातून घडतो. परंतु आपण पाहिलेला देश पुढील पिढ्यांच्या डोळ्यांपुढे उभा करण्याची हातोटी फार थोड्यांना साधते. चिनी भिक्षू फाहिआन हा ह्या थोड्यांपैकी एक होय. इ. स. ३९९ मध्ये त्याने चांगआन नगर सोडले, तेव्हा त्याचे वय साठीच्या घरात होते असे मानतात. ज्या वयात माणसे घराच्या ओसरीवर स्थिरावतात, त्या वयात हा गृहस्थ पहिल्यानेच दूरदेशी निघाला. द्रव्याची वा कीर्तीची हाव त्यास नव्हती. चीनमध्ये बौद्ध धर्म पसरला होता खरा. परंतु भिक्षूंनी कसे राहावे, कसे वागावे हे सांगणाऱ्या विनयग्रंथांच्या तेथील पोथ्या अपुऱ्या आणि त्रुटित होत्या. घराला छप्पर आहे, पण पाया कच्चा, अशी ती अवस्था. पाया भक्कम करणारी पोथी मूळ भूमीतून आणावी, एवढाच त्याचा हेतू होता.

त्याच्या मार्गाचे वर्णन थोडक्यात करणेच बरे. निर्जन वाळवंटात मृतांच्या अस्थी ह्याच वाटेच्या खुणा. पुढे हिमाच्छादित पर्वत, सिंधूच्या खोल दऱ्यांवरील झुलते पूल आणि मग गांधार, मथुरा, श्रावस्ती, पाटलिपुत्र. मध्यदेश गाठण्यास त्यास सहा वर्षे लागली. बरोबर निघालेल्या सोबत्यांपैकी कोणी वाटेतून परतले. हुइजिंग बर्फाच्या डोंगरात, फाहिआनच्या डोळ्यांदेखत, थंडीने गारठून वारला. दाओझेंग पाटलिपुत्रातील भिक्षूंचे आचरण पाहून इतका भारावला की त्याने मायदेशी परतण्याचा विचारच सोडला. फाहिआन मात्र परतण्यासाठीच आला होता. पाटलिपुत्रास तीन वर्षे राहून तो संस्कृत शिकला, पोथ्या उतरल्या. आणि गंगेच्या मुखाजवळील ताम्रलिप्ती बंदरात आणखी दोन वर्षे लेखन व मूर्तींची चित्रे काढण्यात घालविली. त्यानंतर एका मोठ्या व्यापारी गलबतावर तो चढला. हिवाळ्याचे वारे ईशान्येकडून वाहू लागले होते. त्या वाऱ्यावर गलबत नैऋत्येस निघाले आणि चौदा दिवस व चौदा रात्रींनी सिंहलद्वीपास लागले. हा काळ इ. स. ४१० च्या सुमाराचा.

नवख्या प्रवाशाच्या वर्णनात जे घडते ते फाहिआनच्याही वर्णनात घडले आहे. डोळ्यांनी पाहिलेले तो नेमके सांगतो; कानांनी ऐकलेले, लोक सांगतात तसे, लिहून ठेवतो. हे बेट पूर्वपश्चिम पन्नास योजने आणि दक्षिणोत्तर तीस योजने आहे, असे तो म्हणतो. वस्तुतः गोष्ट उलट आहे. श्रीलंकेची दक्षिणोत्तर लांबी सुमारे ४३० किलोमीटर, तर रुंदी सुमारे २२५ किलोमीटर. एका नगरीत व तिच्या परिसरात राहिलेल्या माणसाने अख्ख्या बेटाचे माप कोणाच्या तोंडून घेतले असावे, हे उघड आहे. भोवती शंभरएक लहान बेटे आहेत, रत्ने आणि मोती विपुल आहेत, आणि उत्तम मणी देणाऱ्या एका बेटावर राजाचे पहारेकरी असून दहांपैकी तीन मणी राजा घेतो, हेही त्याने टिपले आहे. मन्नारच्या आखातातील मोती आणि बेटाच्या अंतर्भागातील माणके व नीलमणी ह्यांची कीर्ती त्याच्याही पूर्वी दूरवर गेलेली होती.

ह्या देशात प्रारंभी मनुष्यवस्ती नव्हती, केवळ यक्ष आणि नाग राहत, अशी कथा त्यास सांगण्यात आली. व्यापारी येत, तेव्हा हे यक्ष स्वतः दिसत नसत. मौल्यवान वस्तू किमतीच्या खुणेसह मांडून ठेवीत, आणि व्यापारी तेवढे मोल ठेवून माल उचलीत. कथा अद्भुत खरी. तथापि तिच्या मुळाशी एक जुनी व्यवहारपद्धती दिसते. भाषा न कळणाऱ्या दोन समाजांनी समोरासमोर न येता देवघेव करावी, अशी मुकी पेठ आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भरत असे, हे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनेही लिहून ठेवले आहे.

हवामानाविषयी फाहिआनचे उद्गार मोठे मार्मिक आहेत. येथे हिवाळा व उन्हाळा असा भेद नाही, झाडेझुडपे सदैव हिरवीगार असतात, आणि लोक मनास येईल तेव्हा पेरणी करतात. त्यांना ठरावीक ऋतूची वाट पाहावी लागत नाही, असे तो सांगतो. ज्या उत्तरेकडील प्रदेशात तो वाढला, तेथे हिवाळ्यात पाने गळून शेते गोठतात. अशा माणसास विषुववृत्ताजवळचे हे अखंड हिरवेपण म्हणजे निसर्गाची निव्वळ उदारता वाटली, ह्यात नवल नाही. परंतु ह्या हिरवेपणाचे एक कारण त्याच्या नजरेतून निसटले. अनुराधपूर बेटाच्या कोरड्या भागात आहे. तेथील बहुतेक पाऊस ईशान्येच्या वाऱ्यांबरोबर, हिवाळ्याच्या आरंभी पडतो. नंतर कित्येक महिने आकाश कोरडे राहते. तरीही 'महा' आणि 'यल' असे भाताचे दोन हंगाम निघतात ते तलावांच्या बळावर. तिस्स तलाव नगरीच्या कुशीतच होता. महासेन राजाने बांधविलेला मिन्नेरियाचा विस्तीर्ण जलाशय फाहिआन येण्यापूर्वीच भरलेला होता. बांध, पाट आणि पाण्याचा वेग आवरणारी दगडी विहिरीसारखी दारे ह्यांच्या साहाय्याने सिंहली लोकांनी पाऊस साठवून तो आपल्या सोयीने वर्षभर वापरला. प्रवाशास मनास येईल तेव्हाची पेरणी दिसली. तिच्यामागचे पिढ्यांचे श्रम दिसले नाहीत.

नगरीचे वर्णन मात्र त्याने डोळे भरून केले आहे. रस्ते सरळ व सपाट. चार मुख्य मार्गांच्या तोंडाशी धर्मश्रवणाची सभागृहे. प्रत्येक मासाच्या अष्टमीस, चतुर्दशीस आणि पंचदशीस तेथे बैठका अंथरल्या जात आणि भिक्षू व गृहस्थ दोघेही उपदेश ऐकण्यास जमत. सा-पो नावाच्या व्यापाऱ्यांची घरे विशेष सुंदर होती. हे सा-पो म्हणजे अरबस्तानातील सबा देशाचे लोक, असे काही विद्वान मानतात. इतरांच्या मते हे 'सार्थवाह' ह्या आपल्या शब्दाचेच चिनी रूप होय. राज्यात साठ हजार भिक्षू असून त्यांचे अन्न सार्वजनिक कोठारातून येते आणि नगरीत राजा पाच-सहा हजारांची सोय स्वतंत्रपणे करतो, असे त्यास सांगण्यात आले. ज्यास भूक लागेल त्याने आपले पात्र घेऊन जावे आणि भरून आणावे, इतकी ही व्यवस्था सोपी होती.

अनुराधपुरात तेव्हा दोन मोठे पीठ एकमेकांशेजारी नांदत होते. महाविहारात तीन हजार भिक्षू, तर अभयगिरी विहारात पाच हजार. फाहिआनने अधिक जागा दिली आहे ती अभयगिरीस. ह्या गोष्टीचे महत्त्व इतिहासाच्या अभ्यासकास सहज कळेल. सिंहलाचा प्रसिद्ध पाली इतिहासग्रंथ 'महावंस' हा महाविहाराच्या परंपरेत रचला गेला, आणि अभयगिरीचे ग्रंथ पुढे बहुतांशी नष्ट झाले. पराभूत पक्षाचे घर त्याच्या भरभराटीच्या दिवसांत कसे होते, हे पुष्कळ अंशी ह्या परक्या पाहुण्यानेच सांगितले आहे.

ह्याच अभयगिरीत वीस हातांच्या सुमारास उंच अशी हिरव्या जेडची बुद्धमूर्ती होती. तिच्या उजव्या तळहातावर अमोल मोती होता. सोने, रूपे आणि रत्ने ह्यांनी ते मंदिर लखलखत होते. परंतु फाहिआनच्या लेखणीस येथे वेगळेच वळण लागले. हान देश सोडून त्यास कित्येक वर्षे लोटली होती. ज्यांच्याशी तो बोले ते सारे परके. डोंगर, नद्या, झाडे, गवत ह्यांपैकी काहीही ओळखीचे नाही. सोबती कोणी मेले, कोणी मागे राहिले. सोबतीस केवळ आपली सावली. अशा मनःस्थितीत तो मूर्तीजवळ उभा असता एका व्यापाऱ्याने अर्पण केलेला पांढऱ्या रेशमाचा पंखा त्यास दिसला. तो पंखा चिनी होता. वाळवंटात आणि बर्फात ज्याने धीर सोडला नाही, त्या वृद्धाच्या डोळ्यांतून त्या क्षणी अश्रू वाहू लागले.

आपल्या ग्रंथात फाहिआन स्वतःविषयी सहसा काही सांगत नाही. म्हणूनच ही चार वाक्ये सोळा शतकांनंतरही वाचकाच्या काळजास भिडतात. ह्या प्रसंगास दुसरीही बाजू आहे. तो स्वतः सारा भूमार्ग तुडवीत आला होता; परंतु पंखा बहुधा समुद्रमार्गाने आला असावा. त्याच सुमारास सिंहलाच्या राजाने चिनी दरबारी जेडची एक बुद्धमूर्ती पाठविल्याची नोंद चीनच्या इतिहासग्रंथांत आहे. ज्या बेटास तो जगाचा शेवट समजू शकला असता, तेथून त्याच्या घराकडे जाणारी एक वाट आधीच खुली होती.

तरीही तो लगेच निघाला नाही. दोन वर्षे तो सिंहलात राहिला, कारण हाती घेतलेले काम अपुरे होते. ह्या काळात त्याने दन्तधातूचा उत्सव पाहिला. बुद्धाचा हा दन्त कलिंगाहून सिंहलात येऊन तेव्हा शतकही झाले नव्हते. तिसऱ्या मासाच्या मध्यास तो बाहेर काढीत. दहा दिवस आधी शृंगारलेल्या राजहत्तीवर बसून एक वक्तृत्वसंपन्न पुरुष राजवस्त्रे लेऊन नगारा वाजवीत दवंडी देई. मार्गाच्या दोन्ही बाजूंस बोधिसत्त्वाच्या पाचशे पूर्वजन्मांची रंगीत, जणू सजीव रूपे मांडलेली असत. कोठे सर्वस्व दान करणारा राजपुत्र, कोठे गजराज, कोठे मृग. मधून दन्तधातूची मिरवणूक अभयगिरीस जाई आणि नव्वद दिवस तेथे दीप, धूप व पूजा अहोरात्र चालत. जातककथा ज्यांनी पोथीत वाचल्या नव्हत्या, त्यांना त्या रस्त्यावर वाचावयास मिळत.

मिहिन्तलेच्या डोंगरावर धर्मगुप्त नावाचा एक श्रमण चाळीस वर्षांहून अधिक काळ शिलागृहात राहत होता. त्याच्या मायाळूपणामुळे साप आणि उंदीर एकाच खोलीत एकमेकांस इजा न करता नांदत, असे फाहिआन लिहितो. महाविहारातील एका थोर भिक्षूस मात्र त्यास जिवंतपणी पाहता आले नाही. त्याच्या वाट्यास केवळ चंदन, अगरू आदी सुगंधी काष्ठांच्या चितेचे दर्शन आले. एकदा एका भारतीय भिक्षूने उच्चासनावर बसून बुद्धाच्या भिक्षापात्राची भविष्यकथा सांगितली. फाहिआनने ती उतरून घेऊ म्हटले, तेव्हा उत्तर मिळाले की ही पोथी नव्हे, हे केवळ मुखोद्गत आहे. उत्तरेकडेही त्यास हाच अनुभव आला होता. गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी जाणारी विद्या कागदावर कोठून सापडणार? म्हणूनच सिंहलात जेव्हा महीशासक पंथाचा विनय, दीर्घागम आणि संयुक्तागम ह्यांच्या लिखित संस्कृत पोथ्या मिळाल्या, तेव्हा त्याचा प्रवास सार्थकी लागला.

परतीचा समुद्र सौम्य नव्हता. दोनशेंहून अधिक माणसांचे गलबत दोन दिवसांतच वादळात सापडून गळू लागले. मागे बांधलेल्या लहान होडीतील लोकांनी, सारेच आपल्या होडीत येतील ह्या भयाने, दोर तोडला. व्यापाऱ्यांनी जड माल समुद्रात टाकण्यास आरंभ केला. फाहिआननेही आपला कमंडलू आणि तस्त फेकून दिले. त्यास एकच धास्ती होती, की हे लोक पोथ्या आणि मूर्ती फेकतील. अवलोकितेश्वराचे स्मरण करीत तो बसून राहिला. तेरा दिवसांनी एका बेटाचा आश्रय मिळाला; भोक बुजविले; आणि सुमारे नव्वद दिवसांनी ते यवद्वीपाच्या बाजूस लागले. तेथे पाच महिने काढून तो दुसऱ्या गलबतावर चढला, तर पुन्हा वादळ. ह्या श्रमणामुळेच संकट आले, त्यास एखाद्या बेटाच्या किनाऱ्यावर सोडून द्यावे, अशी मसलत काही प्रवाशांनी केली. परंतु त्याचा आश्रयदाता आडवा उभा राहिला. पुढे पाणी संपत आले आणि स्वयंपाकास समुद्राचे खारे पाणी वापरण्याची पाळी आली. सत्तरांहून अधिक दिवस गेल्यावर दिशा बदलली, आणि आणखी बारा दिवसांनी किनारा दिसला. तो कोणता देश, हे कोणास ठाऊक नव्हते. फाहिआनने जमिनीवर उगवलेली साधी रानभाजी पाहिली आणि ओळखले की ही हानभूमी आहे. इ. स. ४१२ मध्ये तो शानतुंगच्या लाओशान किनाऱ्यावर उतरला होता.

पुढे नानकिंग येथे भारतीय पंडित बुद्धभद्राच्या साहाय्याने त्याने पाटलिपुत्रातून आणलेल्या महासांघिक विनयाचे भाषांतर केले. सिंहलात मिळालेल्या महीशासक विनयाचे चिनी रूप मात्र त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. ४२३ च्या सुमारास, बुद्धजीवाच्या हातून सिद्ध झाले. त्याची मूळ पोथी आज उपलब्ध नाही. तो पंथ लोपला. परंतु त्याचे नियम चिनी भाषेत अखंड वाचावयास मिळतात, ते गळक्या गलबतावर ज्याने तस्त फेकले व पोथी राखली त्याच्या कृपेने.

अनुराधपुराचे वैभव पुढे चोळांच्या स्वाऱ्यांनी लयास गेले आणि इ. स. ९९३ नंतर राजधानी तेथून हलली. दन्तधातू आज कँडीच्या मंदिरात आहे. अभयगिरीचा स्तूप, पायऱ्या, स्नानकुंडे रानातून मोकळी करण्यात आली आहेत; हिरव्या जेडच्या मूर्तीचा मागमूस नाही. परंतु जो बोधिवृक्ष झुकल्यामुळे त्याला राजाने टेकू दिला, असे फाहिआनने लिहिले, तो वृक्ष अनुराधपुरात अद्यापि उभा आहे, आणि त्याच्या फांद्यांना आजही टेकू दिलेले आहेत.