पुरुषांना बागेची भेट

आमच्या मराठवाड्यात पुरुषमाणसाचा आहेर ठरलेला असतो. टॉवेल, टोपी, आणि मान थोडा मोठा असला तर शाल व श्रीफळ. नारळ फुटतो, खोबरे संपते, शाली मात्र कपाटात साठत जातात. आमच्या हिमायतनगरचा, म्हणजे जुन्या वाढोण्याचा, उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला विचारा, या शाली पांघरायच्या तरी कधी?

निवृत्तीचे समारंभच घ्या. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी कित्येक मुलांची जन्मतारीख १ जून अशी मांडून टाकीत. त्यामुळे शिक्षक, कारकून अशी पुष्कळ मंडळी ५८ वर्षे भरताच ३१ मे रोजी घरी बसतात. आठवडाभरात मृग निघतो. सगळा गाव पेरणीच्या गडबडीत, आणि हा गृहस्थ ओसरीवर वर्तमानपत्र तिसऱ्यांदा वाचीत बसलेला! अशा माणसाच्या हाताला काम लावणारी वस्तू आपण का देऊ नये?

पहिली वस्तू खुरपे. आमच्याकडे खुरपणी बायकांची मानतात, म्हणून पुरुषाला खुरपे देताना लोक हसतील. हसू द्या. लोहाराकडून नीट पाणी दिलेले पाते घ्यावे, आणि मूठ ज्याला द्यायचे त्याच्या हातात बसते का ते पाहावे. सोबत छाटणीची कातरी दिली की हत्यारांची बाजू पुरी झाली.

दुसरी गोष्ट बियाण्याची. परभणीच्या कृषी विद्यापीठाने, जे १९७२ साली स्थापन झाले, ‘परभणी क्रांती’ नावाचा भेंडीचा वाण काढला. केवडा रोगाला दाद न देणारा म्हणून तो गाजला. हा वाण संकरित नसल्याने चार शेंगा झाडावरच वाळू दिल्या की पुढच्या वर्षीचे बी घरचे होते. आपली पुडी अशी वर्षानुवर्षे पुरते. रोपेच द्यायची असली तर मोगरा किंवा कढीपत्ता द्यावा. पण मे महिन्यात नव्हे, पहिला पाऊस चांगला मुरल्यावर.

कुंड्या देताना मात्र सांभाळा. आपली काळी माती कुंडीत दगडासारखी आवळते. तिच्यात वाळू व शेणखत मिसळल्याशिवाय मुळांना वारा मिळत नाही.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. झाडांना पाणी घालणार कोण? आपण बारा कुंड्या पुरुषाला देतो, सत्कार त्याचा होतो, आणि एप्रिल उजाडला की हंडे वाहते घरातली बाई. ही भेट नव्हे, तिच्यावरचा बोजा आहे. म्हणून कुंड्या दोनच द्या, पण झारी अवश्य द्या, आणि ती चारचौघांत त्याच्याच हाती द्या. जोडीला न भाजलेली नव्हे, नीट भाजलेली पण पाझरणारी दोन मडकी द्या. झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरून ती भरून ठेवली, वर झाकण घातले, की पाणी हळूहळू मुळांशी झिरपते. वरून ओतलेल्यापेक्षा कितीतरी कमी लागते. टंचाईच्या आपल्या मुलखात हा गुण मोठा आहे.

तेव्हा येत्या ३१ मेला कोणाचा निरोपसमारंभ असेल, तर दुकानात जाण्याआधी त्यांचे अंगण एकदा पाहून या. ऊन किती, जागा किती, पाणी किती हे ध्यानात आले की काय द्यावे ते आपोआप सुचेल.