जुना टायर आणि नवे काँक्रीट

मुळशी तालुक्यात पौडच्या रस्त्याने जाताना कोणत्याही पंक्चरच्या दुकानामागे नजर टाका. झिजलेल्या टायरांचा ढीग दिसेल. त्यांतले दोनचार गावात पोचतात. पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोणी ते छपरावर टाकतो, कोणी मुलांना झोपाळा बांधून देतो. बाकीचे तसेच पडून राहतात. आपल्याकडचा पाऊस तर तुम्हांला ठाऊकच आहे. ताम्हिणीकडून सरी सुरू झाल्या की टायरच्या पोटात पाणी साचते, आणि डेंगीचा डास अंडी घालायला नेमकी अशीच जागा शोधतो. कंटाळून कोणी काडी लावली, तर काळा धूर शेजारच्या वस्तीपर्यंत जातो. तेव्हा या टायरांचे तुकडे करून ते खडीऐवजी काँक्रीटमध्ये घातले तर काय होईल, हा प्रश्न काही उगीच निघालेला नाही.

त्याचे उत्तर मी आधीच सांगून टाकतो, कारण घराचे काम काढलेला माणूस शेवटपर्यंत ऐकायला थांबेलच असे नाही. स्लॅब, खांब, तुळई, पाया, पाण्याची टाकी यांत रबर घालू नका. कोणी स्वस्तात करून देतो म्हणाला, तरी नको. मात्र जिथे फारसा भार नाही, तिथे थोडे रबर चालते, आणि काही बाबतींत ते उपयोगीही पडते.

आता कारण पाहू. पहिला प्रश्न असा, की मेणासारखे वितळवून या टायरचा नवा टायर का करता येत नाही? १८३९ साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला असे आढळले, की कच्चे रबर गंधकाबरोबर तापवले म्हणजे ते उन्हाने चिकट होत नाही आणि थंडीने ठिसूळ होत नाही. गंधक रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी टाके घालते. हे टाके पडले म्हणून टायर हजारो मैल धावतो, आणि ते सहजी उसवत नाहीत म्हणूनच झिजलेला टायर आपल्या गळ्यात पडतो. त्याचे तुकडे करता येतात, भुगा करता येतो, पण पूर्वीचे कच्चे रबर सहजासहजी परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट काँक्रीटची. काँक्रीटमध्ये जवळजवळ पाऊण जागा खडी आणि वाळू यांनी व्यापलेली असते. सिमेंट हा त्यांना धरून ठेवणारा चिकटा. आपली खडी म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो कठीण, जड आणि फोडला की खरबरीत. सिमेंटला धरायला जागा मिळते. रबराचे सगळेच उलटे. पाण्याच्या मानाने दगड पावणेतीन पटींहून जड, तर रबर जेमतेम पाण्याएवढे. म्हणून ओले काँक्रीट हलवून ठासताना रबर वर यायला बघते. रबराला पाणी धरत नाही, त्यामुळे सिमेंटचीही पकड नीट बसत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे वजन पडले की रबर दबते. सगळा भार भोवतालच्या सिमेंटवर येतो. खांबाच्या पोटात रबराचा तुकडा म्हणजे जवळजवळ एक पोकळीच समजा.

अमेरिकेत एल्डिन आणि सेनूसी या दोघांनी १९९३ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. सगळी खडी काढून तिच्या जागी टायरचे तुकडे घातले, तेव्हा दाब सोसण्याची शक्ती सुमारे ८५ टक्क्यांनी घटली. म्हणजे शंभर पोती तोलणारा खांब पंधरा पोत्यांवर आला! खडी तशीच ठेवून सगळ्या वाळूच्या जागी रबराचा भुगा घातला, तरी सुमारे ६५ टक्के शक्ती गेली. पण त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. साधे काँक्रीट ताण असह्य झाला की काडकन् फुटते. रबराचे काँक्रीट तडकूनही बराच वेळ एकत्र राहते, धक्का पोटात घेते. अंगणातली पायवाट, बागेतले फरशीचे ठोकळे, यांना हाच गुण हवा असतो. तिथे वाळूचा दहावा हिस्सा भुगा घालून पाहायला हरकत नाही.

आपल्या मानकांची वृत्तीही अशीच सावध आहे. खडी-वाळूसंबंधीच्या भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत भट्ट्यांच्या मळीला आणि जुन्या काँक्रीटच्या चुऱ्याला मर्यादा घालून जागा मिळाली. रबराला मिळाली नाही. डांबरात मात्र रबराचा भुगा मिसळून रस्ते करण्याची पद्धत आपल्या देशात रूढ आहे, तिला वेगळे मानकही आहे. माझ्या मते टायरचे खरे घर तिथेच. शिवाय २०२२ साली केंद्र सरकारने जुन्या टायरांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टायर बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर टाकली आहे.

रबर वापरले म्हणजे आपले डोंगर फुटायचे थांबतील, असेही कोणी सांगतात. मला ते पटत नाही. दहा घमेली वाळूत एक घमेले रबर घातल्याने खाण बंद पडत नाही. एखाद्या गावातले टायर डासांच्या आणि आगीच्या तावडीतून सुटले, तरी पुष्कळ झाले.

शिक्षक मित्रांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. टायर रिमोल्ड करणाऱ्या दुकानात जुना टायर घासताना बारीक भुगा निघतो, तो मागून आणा. तारा असलेले तुकडे घेऊ नका. एक वाटी सिमेंटला तीन वाट्या वाळू, असे तीन घाणे कालवा. पहिल्यात नुसती वाळू. दुसऱ्यात दर दहा चमचे वाळूतला एक चमचा काढून भुगा, तिसऱ्यात तीन चमचे. कागदी पेल्यांत ठासून भरा, दुसऱ्या दिवशी कागद सोडवा आणि अठ्ठावीस दिवस बादलीत पाण्याखाली ठेवा. सिमेंट हाताला लागते, तेव्हा कालवताना मुलांच्या हातांत मोजे असावेत. मग तिन्ही गोळे तराजूवर तोला. तिसरा हलका भरेल. शेवटी प्रत्येक गोळा पोत्यात गुंडाळून दगडावर ठेवा आणि तेवढ्याच उंचीवरून हातोडी टाका. हे काम शिक्षकांनीच करायचे. पहिला तडा कितव्या घावाला गेला आणि तुकडे केव्हा सुटे झाले, हे दोन आकडे मुलांनी वहीत वेगवेगळे लिहावेत.