सोळा एकर आणि एक कलम



बारावीनंतर लॉ करायचंय असं सांगणारी मुलं-मुली लोहारा-उमरगा भागात आता दरवर्षी भेटतात. आधी सीईटीचं विचारतात आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: सर, नोट्स कुणाच्या वापरू? आज मी एवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे. नोट्स स्वतःच्या हातानं काढायच्या, आणि काढताना आपलं गाव डोळ्यांपुढे ठेवायचं.

उदाहरणच घेऊ. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956, कलम 21. गाईडमध्ये त्याला दोन ओळी मिळतात आणि विद्यार्थी ते ओलांडून पुढे जातो. दोन माणसं अशा परिस्थितीत मरण पावली की आधी कोण गेलं हे कळायला मार्ग नाही, तर वारसाहक्कापुरतं असं गृहीत धरायचं की वयानं लहान असलेला मोठ्याच्या नंतर गेला. याविरुद्ध पुरावा आला तर मात्र हे गृहीतक टिकत नाही. एवढंच कलम आहे.

आता 30 सप्टेंबर 1993 ची, भूकंपाची पहाट आठवा. तुम्हा विद्यार्थ्यांचा जन्म नंतरचा आहे, पण इथल्या प्रत्येक घरात ती पहाट सांगितली जाते. गणपती विसर्जनाची रात्र, चार वाजायला चारेक मिनिटं, आणि माळवदाची दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर आली. एकाच छताखाली बाप गेला, मुलगा गेला. आधी कोण गेलं? पाहणारं कुणी जागं नव्हतं.

एक कल्पनेतलं कुटुंब धरू. वडिलांची स्वकष्टार्जित सोळा एकर जमीन, मृत्युपत्र केलेलं नाही. त्या रात्री वडील आणि त्यांचा एकुलता एक विवाहित मुलगा गेले. मागे राहिल्या सासू आणि सून; सुनेला मूलबाळ नाही. कलम 21 लावा. मुलगा वडिलांच्या नंतर गेला असं धरायचं. म्हणजे वडील जाताच आठ एकर पत्नीला आणि आठ मुलाला. मग मुलगा गेला, तेव्हा त्याच्या आठ एकरांचे वारस त्याची आई आणि त्याची बायको, चार-चार एकर. सासूचे झाले बारा, सुनेचे चार. मुलगाच आधी गेला हे सिद्ध झालं असतं, तर सून आधी वारलेल्या मुलाची विधवा म्हणून सासऱ्याच्या जमिनीत थेट वारस झाली असती आणि दोघींना आठ-आठ एकर मिळाले असते. चार एकरांचा फरक! विशीतल्या विधवेचं पुढचं सगळं आयुष्य त्या चार एकरांवर ठरू शकतं.

आणि सकाळी ढिगारा उपसताना वडिलांचा श्वास चालू होता, दवाखान्यात नेताना ते गेले, मुलगा मात्र जागीच गेलेला होता, असं शेजाऱ्यानं शपथेवर सांगितलं तर? मग गृहीतकाची गरजच उरत नाही, आणि तुम्ही वारसा कायद्यातून पुराव्याच्या कायद्यात शिरता. तलाठ्याकडे वारस नोंद झाली, फेरफार मंजूर झाला, म्हणजे मालकी ठरली का? तेवढ्यानं ठरत नाही, महसुली नोंद ही मालकी देत नाही. झाला तुमचा तिसरा विषय. एका कलमाचं एक पान, आणि तीन विषय एकमेकांना जोडले गेले. विकतच्या नोट्समध्ये हे तीन विषय तीन पुस्तकांत राहतात.

अशी टिपणं काढणाऱ्यांत आपल्यापुढे सर्वांत मोठं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. 1922 साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेला हा माणूस 1928 पासून मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात शिकवत होता, 1935 साली तिथं प्राचार्य झाला. महाराष्ट्र शासनानं त्यांच्या लेखन आणि भाषणांचा बारावा खंड काढला, वसंत मून यांनी संपादित केलेला, त्यात बाबासाहेबांची कायद्याची टिपणं छापली आहेत. ब्रिटिश राज्यघटना, मुदतीचा कायदा, पुरावा, मालमत्ता हस्तांतरण, विश्वस्त कायदा, फौजदारी प्रक्रिया हे विषय त्यांत आहेत. पुढे ज्यांच्या हातून देशाची घटना घडायची होती, त्यांनीसुद्धा मुदतीच्या कायद्यासारखा रुक्ष विषय आपल्या शब्दांत मांडून घेतला. तो खंड प्रसिद्ध झाला 1993 साली, तुमच्या भूकंपाच्याच वर्षी.

आता पद्धत. समोर बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ पाठ, ठेवा. केंद्रीय कायद्यांचे शासनाने केलेले मराठी पाठही मिळतात. कलम वाचा, मग पुस्तक मिटून त्यातले घटक लिहा. अपवाद वेगळ्या शाईनं. त्यानंतर एखादा निवाडा, आणि शेवटी आपल्या गावातली एक घटना. घटना सापडली नाही तर कलम कळलेलं नाही असं समजून पुन्हा वाचा. करार कायदा घ्या. 1903 सालचा मोहरीबीबीचा निवाडा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो: अज्ञान मुलानं केलेला करार मुळातच शून्य. पण भूकंपानंतर ज्या पोरक्या मुलांची नावं सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' हा अज्ञान असल्याचा शेरा लावून चढली, त्यांची जमीन कायदेशीर पालकानं न्यायालयाची परवानगी न घेता विकली तर? तो व्यवहार मुळातच शून्य नसतो. त्या मुलानं आक्षेप घेतला तर तो रद्द होतो, आणि दावा सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. म्हणजे अठरा ते एकवीस, नेमकं तुम्ही कॉलेजात असण्याचं वय. या दोन गोष्टींतला फरक ज्याच्या वहीत नाही, तो उद्या पक्षकाराचं शेत घालवेल. हे मी फार गांभीर्यानं सांगतो आहे.

थोरल्या भावाच्या जुन्या नोट्स वापरणाऱ्यांनी सावध राहावं. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. 511 कलमांची 358 झाली, खुनाच्या शिक्षेचं 302 आता 103 आहे. पण खून आणि सदोष मनुष्यवध यांतली सीमारेषा ज्यानं स्वतः समजून लिहिली होती, त्याला नुसते आकडे बदलावे लागले.

ज्यांना कायद्याकडे जायचं नाही, त्यांनीही घरचा सातबारा एकदा वाचायला घ्यावा. बहिणींची नावं त्यावर आहेत का ते पाहावं. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मानंच मिळतो असं स्पष्ट केलं आहे. मुलींनो, हक्कसोड पत्रावर सही करण्याआधी ते शेवटपर्यंत वाचा.

ग्रंथालयासाठी मी उत्तराधिकार, करार आणि पुरावा या तीन कायद्यांची पुस्तकं आणि तो बारावा खंड आणला आहे. मुख्याध्यापकांना विनंती आहे की ती मुलांना घरी नेऊ द्यावीत. ज्या कुणाला कलम 21 चं पान लिहावंसं वाटेल त्यानं ते लिहून शाळेत द्यावं. मी प्रत्येक पान वाचीन आणि जिथं चुकलं असेल तिथं खूण करून परत पाठवीन.