बापाचं घर विसर, म्हणे!

आम्ही शिराळ्याच्या बाया सध्या दर बुधवारी बायबलातली दोन स्तोत्रं वाचतोय, 45 वं आणि 46 वं. आमच्यात काही ख्रिस्ती आहेत, काही माळकरी. सगळ्यांना समजावं म्हणून पंडिता रमाबाईंचं भाषांतर घेतलं. रमाबाई त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि शाळा न शिकलेल्या बाईलाही कळेल अशा साध्या मराठीत सबंध बायबल आणलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्याचे खिळे जुळवले, छपाई केली, ती आश्रमातल्या बायांनीच. रमाबाई 1922 साली गेल्या, त्याच्या आधी हे काम त्यांनी हातावेगळं केलं होतं.

45 वं स्तोत्र म्हणजे राजाच्या लग्नाचं गाणं. नवरदेवाच्या कपड्यांना अत्तराचा वास, हस्तिदंती महालात वाद्यं, राणीच्या अंगावर ओफीरचं सोनं, नवरीमागं तिच्या सख्या. वाचताना मजा येत होती. मग कवी नवरीकडं वळतो आणि तिला सांगतो की आपली माणसं अन् बापाचं घर विसर. तिथं वाचन थांबलं.

मंडळीत याचा अर्थ असा लावतात: राजा म्हणजे ख्रिस्त, नवरी म्हणजे त्याची मंडळी, आणि विसरायचं ते जुनं जिणं. हा अर्थ भक्तीचा आहे, खराच आहे. पण गाणं मुळात लग्नाचं, आणि विसर म्हटलं ते एका लेकीला. आपल्याकडं हे विसरणं कागदावर येतं, त्याला हक्कसोड म्हणतात. 2005 च्या कायद्यानं हिंदू घरातल्या लेकीला वडिलोपार्जित जमिनीत लेकाइतकाच हक्क दिला. तरी भाऊ दुखावू नये, दिवाळीला बोलावणं यावं, म्हणून सही करणाऱ्या आमच्यातच पाचजणी निघाल्या. एक म्हातारी म्हणाली, "माहेर राहावं म्हणून माहेर सोडलं बघा."

पान उलटलं की 46 वं. डोंगर समुद्रात कोसळले, पाणी खवळलं, तरी देव आसरा आहे, असं ते सांगतं. वारणाकाठच्या बायांना हे समजवावं लागलं नाही, 2019 च्या ऑगस्टात पाणी दारात आलेलं त्यांनी पाहिलंय. पण त्याच स्तोत्रात नगराला आनंद देणारी नदीही आहे. यरुशलेमजवळ मोठी नदी नाही, एक झरा आहे. ज्यांच्याकडं नदी नाही त्यांनी देवाजवळ नदी पाहिली. आमच्या काठच्या बाया म्हणाल्या, आमची थोडी घेऊन जा म्हणावं!

आम्हाला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. हा आसरा बापाचाही नाही, नवऱ्याचाही नाही. आणि हा देव नुसतं भिंतीआड लपवत नाही. धनुष्य मोडतो, भाला तोडतो, भांडण थांबवतो. रमाबाईंचे पती 1882 साली वारले. आई-वडील तर त्याआधीच दुष्काळात गेलेले. माहेरही नाही, सासरही नाही, अशा बाईनं 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढं केडगावला दुष्काळातल्या शेकडो बायामुली आणल्या. देव आसरा आहे असं म्हणून त्या बसून राहिल्या नाहीत, त्यांनी पत्र्याखाली अंथरूण घातलं, हाताला काम दिलं.

आता आमच्यात वाद चाललाय. काहीजणी म्हणतात, देव आसरा आहे तर जमिनीचा तुकडा कशाला धरायचा? बाकीच्या म्हणतात, देवानं दिलेला आसरा सहीनं का सोडायचा? आम्ही बहुतेकजणी दुसऱ्या बाजूला आहोत, पण भावाचं तोंड आठवलं की गप्प होतो.

पुढच्या बुधवारी जिला जमेल तिनं माहेरचा सातबारा घेऊन यावा. 47 वं स्तोत्र त्यानंतर वाचू.