विद्यापीठाची उघडी वही आणि पालकांचा हक्क

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींचा येथे गौरव झाला, त्यांचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक आहे. कायद्याचा पंडित म्हणून मी आपल्यापुढे उभा नाही. परंतु ज्याने सारा जन्म दुसऱ्यांची मुले सांभाळण्यात घालविला, त्याला मुलांच्या सुरक्षिततेविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार असावा, अशा समजुतीने आजचा विषय निवडला आहे.

आपल्या ज्ञातीतील मुले आता पुण्या-मुंबईपुरती राहिली नाहीत. अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी गेलेल्यांची नावे आपण दरवर्षी या व्यासपीठावरून वाचतो आणि टाळ्या वाजवितो. मुलाला पाठविण्यापूर्वी आपण फीची चौकशी करतो, शिष्यवृत्तीची करतो, थंडीच्या कपड्यांची आणि लोणच्याच्या बरण्यांचीही करतो. पण ती जागा राहावयास सुरक्षित आहे काय, हा प्रश्न मात्र “विद्यापीठाचे नाव मोठे आहे” एवढ्या उत्तरावर मिटतो. नाव मोठे असणे आणि जागा सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद अमेरिकेतील एका आईबापांना फार मोठी किंमत देऊन कळला. त्यांच्या दुःखातून जो कायदा जन्मास आला, त्याची माहिती आपल्या प्रत्येक घरी असावी, असे मला वाटते.

जीन क्लेरी ही १९ वर्षांची मुलगी पेनसिल्व्हेनिया राज्यातील बेथलेहेम येथील लीहाय विद्यापीठात पहिल्या वर्षात शिकत होती. तिचे थोरले भाऊ ज्या ट्युलेन विद्यापीठात शिकले, तेथे तिलाही पाठविण्याचा विचार होता. परंतु तेथील एका विद्यार्थिनीचा खून झाल्याचे कळताच आईबापांनी तो विचार सोडला आणि टेकडीवरचे शांत, सुंदर लीहाय पसंत केले. तेथेच, ५ एप्रिल १९८६ रोजी, वसतिगृहातील आपल्या खोलीत झोपलेल्या जीनवर त्याच विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने अत्याचार करून तिचा खून केला. खोलीपर्यंत पोहोचण्यासाठी त्याला तीन दारे ओलांडावी लागली. ती आपोआप कुलूप लागणारी दारे होती, परंतु येण्याजाण्याच्या सोयीसाठी अडसर लावून ती उघडी ठेवलेली होती.

तिचे वडील हॉवर्ड आणि आई कॉनी यांना पुढे कळले की, आधीच्या तीन वर्षांत त्या आवारात ३८ हिंसक गुन्हे घडले होते. विद्यार्थ्यांना त्याची कल्पना नव्हती आणि पालकांना तर नव्हतीच. बंधुभगिनींनो, या गोष्टीचा मर्मभाग येथे आहे. गुन्हा कोठेही घडू शकतो. पण घडलेले गुन्हे ठाऊक असते, तर मुलींनी दार लावून घेतले असते, पालकांनी पहारेकऱ्यांविषयी विचारले असते. न सांगितल्यामुळे सावध होण्याची संधीच नाहीशी झाली.

या दांपत्याने विद्यापीठाविरुद्ध दावा लावला. तडजोडीत मिळालेला पैसा त्यांनी स्वतःसाठी ठेवला नाही. १९८७ साली एक संस्था काढून त्यांनी राज्याराज्यांतील लोकप्रतिनिधींचे दरवाजे ठोठावले. १९८८ साली पेनसिल्व्हेनियात कायदा झाला. नोव्हेंबर १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी सर्व देशासाठी कायद्यावर सही केली. १९९८ साली त्या कायद्याला जीनचे नाव देण्यात आले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नाव थोडे बदलून त्यात रॅगिंगच्या घटनांची नोंदही समाविष्ट झाली. सरकारी विद्यार्थी-साहाय्य योजनेत भाग घेणाऱ्या सर्व महाविद्यालयांना आणि विद्यापीठांना, म्हणजे जवळजवळ सर्वांना, तो लागू आहे.

हा कायदा काय सांगतो? त्यातील मुख्य कर्तव्ये चार आहेत.

पहिले कर्तव्य रोजच्या नोंदवहीचे. ज्या विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस किंवा सुरक्षा-खाते आहे, त्याने आवारातील गुन्ह्यांची दैनिक वही ठेवली पाहिजे. गुन्ह्याचा प्रकार, तारीख, वेळ, सामान्यतः ठिकाण आणि पुढे काय झाले, एवढे तीत असते. वर्दी मिळाल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत नोंद व्हावी लागते, आणि अलीकडच्या ६० दिवसांची वही कचेरीच्या वेळेत कोणीही येऊन पाहू शकतो. पाहणारा विद्यार्थी आहे की गावकरी, हे विचारले जात नाही.

दुसरे कर्तव्य वार्षिक अहवालाचे. दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागील तीन वर्षांचे आकडे प्रसिद्ध करावे लागतात. खून, बलात्कार, जबरी चोरी, गंभीर मारहाण, घरफोडी, वाहनचोरी, जाळपोळ, तसेच द्वेषमूलक गुन्हे, प्रेमसंबंधातील व घरातील हिंसा आणि पाठलाग करून छळणे, हे सारे त्यात येते. हे आकडे केवळ पोलिसांकडून घेतले जात नाहीत. वसतिगृहाचे प्रमुख, विद्यार्थ्यांचे अधिष्ठाते, खेळाचे प्रशिक्षक अशांच्या कानावर आलेली तक्रारही मोजावी लागते. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीचे नाव मात्र कोठेही येत नाही.

तिसरे कर्तव्य वेळीच इशारा देण्याचे. असा एखादा गुन्हा घडला आणि त्यापासून इतरांना धोका शिल्लक असेल, तर सर्वांना तो कळविला पाहिजे. चौथे कर्तव्य आणीबाणीच्या सूचनेचे. आग, वायुगळती, वादळ, रोगाची साथ किंवा बंदूक घेऊन फिरणारा मनुष्य, असा तात्काळ धोका आवारात असल्याची खात्री होताच, विलंब न लावता सूचना गेली पाहिजे. सूचना दिल्याने पीडितांच्या मदतकार्यात किंवा धोका आटोक्यात आणण्याच्या कामात अडथळा येणार असेल, तरच ती थांबविता येते. ही सूचनायंत्रणा वर्षातून किमान एकदा चाचणी घेऊन पाहावी लागते.

हे चौथे कलम २००८ साली आले. त्यामागे १६ एप्रिल २००७ चा दिवस आहे. व्हर्जिनिया राज्यातील ब्लॅक्सबर्ग येथील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोन विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. हे व्यक्तिगत भांडण असावे आणि मारेकरी आवार सोडून गेला असावा, असा तर्क करण्यात आला. विद्यार्थ्यांना पहिले पत्र संगणकावरून गेले ते ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर थोड्याच वेळात त्याच मारेकऱ्याने वर्ग चालू असलेल्या नॉरिस हॉल या इमारतीत ३० जणांचे प्राण घेतले. एकूण ३२ माणसे गेली. त्यांत मूळचे तमिळनाडूचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते, आणि मुंबईहून वास्तुशास्त्र शिकावयास गेलेली एक विद्यार्थिनीही होती. ही गोष्ट परक्यांची म्हणून आपल्याला सोडून देता येणार नाही. राज्याने नेमलेल्या समितीने या विलंबावर ठपका ठेवला. दोन तासांनंतरची सूचना म्हणजे वरातीमागून घोडे!

कोणी म्हणेल, घाईने सूचना दिली आणि ती खोटी ठरली तर? ही शंका रास्त आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील व्हिलानोव्हा विद्यापीठात, नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताच्याच दिवशी, बंदूकधाऱ्याची वर्दी आली. सूचना गेली, मुले आणि पालक जीव घेऊन पळाले, आणि शेवटी तो कोणा खोडसाळाचा बनाव निघाला. ‘लांडगा आला रे’ ही गोष्ट आपण मुलांना शिकवितोच. म्हणूनच कायदा खात्री करावयास सांगतो. पण खात्री करणे म्हणजे सर्व तपशील हाती येईपर्यंत स्वस्थ बसणे नव्हे.

विलंबाहूनही वाईट आहे ती लपवाछपवी. डिसेंबर २००६ मध्ये ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाच्या वसतिगृहात एक विद्यार्थिनी मृतावस्थेत सापडली. घातपाताचा संशय नाही, असे आईबापांना आणि विद्यार्थ्यांना सांगण्यात आले. दहा आठवड्यांनी, फेब्रुवारी २००७ मध्ये, तेथीलच एका विद्यार्थ्याला खुनाच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. तोवर मुली त्याच इमारतीत निर्धास्तपणे राहत होत्या. विद्यापीठाच्या अध्यक्षांना पद गमवावे लागले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर दंड भरावा लागला. पुढे दंड वाढत गेले. २०१६ साली पेन स्टेट विद्यापीठाला सुमारे २४ लाख डॉलर, तर २०२४ साली लिबर्टी विद्यापीठाला १ कोटी ४० लाख डॉलर दंड झाला. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही.

आता पालकांसाठी काही व्यावहारिक सूचना करतो. प्रवेश घेण्यापूर्वी त्या विद्यापीठाचा वार्षिक सुरक्षा-अहवाल मागवून वाचा. तो इच्छुक विद्यार्थ्यालाही मिळतो. वाचताना केवळ आकडा लहान की मोठा एवढेच पाहू नका. हजारो तरुण जेथे राहतात तेथे सर्व रकाने कोरे असतील, तर तक्रार करावयास मुले धजत नाहीत काय, अशी शंका घ्यावी. मोठा आकडा कधीकधी प्रामाणिक वहीची खूण असतो. दुसरे असे की, या आकड्यांत आवार, विद्यापीठाच्या ताब्यातील इतर इमारती आणि आवाराला लागून असलेले सार्वजनिक रस्ते येतात. आपली पुष्कळ मुले बाहेर भाड्याच्या खोलीत चौघे मिळून राहतात. त्या वस्तीतील गुन्हे बहुधा या अहवालात नसतात. त्यांची चौकशी तेथील शहर-पोलिसांकडे वेगळी करावी. साधी सायकल किंवा पाकीट चोरीला गेले, तर तेही या आकड्यांत येत नाही.

तिसरे, मुलगा तेथे पोहोचून नवा टेलिफोन क्रमांक घेतो, पण विद्यापीठाच्या सूचनायंत्रणेत जुनाच भारतातील क्रमांक राहतो, असे होऊ देऊ नका. पहिल्याच आठवड्यात नवा क्रमांक नोंदविण्यास सांगा. चौथे, आवारातील वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला, आपण बेपत्ता झाल्यास कोणाला कळवावे, त्याचे नाव गुप्तपणे नोंदविता येते. तो बेपत्ता असल्याचे ठरल्यापासून २४ तासांच्या आत विद्यापीठाने त्या व्यक्तीला कळविले पाहिजे. आपले नाव तेथे आहे काय, हे आज रात्रीच मुलांना विचारा.

शेवटी आपल्या घराकडे वळतो. आपल्याकडेही कायदे आहेत. महाराष्ट्रात १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा झाला. त्यानुसार तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची असते, आणि त्याने हयगय केली तर त्याने गुन्ह्यास साहाय्य केले असे मानले जाते. परंतु कायदा तक्रारीनंतर जागा होतो, आणि तक्रारीच्या आड आपणच उभे राहतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण घरात वापरतो, ज्ञातीत वापरतो आणि संस्थेतही वापरतो. मुलीने काही सांगितले तर “बोलू नकोस, स्थळे यावयाची आहेत” म्हणतो. मुलाने वसतिगृहातील छळ सांगितला तर “संस्थेची अब्रू जाईल” म्हणतो. अब्रू कशाने जाते? घडलेल्या गोष्टीने जाते त्याहून अधिक ती लपविल्याने जाते, कारण लपविल्यामुळे पुढच्या मुलाचाही घात होतो.

म्हणून आपल्या संस्थेच्या विद्यार्थी-वसतिगृहासाठी मी तीन गोष्टी सुचवितो. एक, चोरी, मारहाण, छळ, आग, जे घडेल त्याची तारीख-वेळ आणि केलेली कारवाई लिहिणारी वही ठेवावी. पीडिताचे नाव तीत नसावे, पण ती कोणाही पालकाला पाहता यावी. दोन, रात्री-अपरात्री काही घडल्यास सर्व मुलांना आणि पालकांना कोणी कळवावयाचे, ते दोन नावांनिशी ठरवावे आणि प्रत्येक सत्रात एकदा त्याची चाचणी घ्यावी. तीन, त्या वहीचा गोषवारा दरवर्षी याच स्मरणिकेत, देणगीदारांच्या यादीशेजारी छापावा. एखाद्या वर्षी तो गोषवारा वाचून आपल्याला लाज वाटेल. वाटू द्यावी. त्या लाजेतूनच दाराला चांगले कुलूप बसेल आणि पहारेकरी जागा राहील.

हॉवर्ड आणि कॉनी क्लेरी यांना त्यांची मुलगी परत मिळाली नाही. परंतु दुसऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी एका मोठ्या राष्ट्रातील विद्यापीठांच्या वह्या उघडावयास लावल्या. आपल्याला तर एकच वही उघडावयाची आहे, आणि सुदैवाने कोणाचे मूल गमावण्यापूर्वी ती उघडण्याची संधी आपल्याला आहे. कार्यकारी मंडळाने या सूचनेचा येत्या सभेतच विचार करावा, अशी नम्र विनंती करतो.